मन नीट बसलं, की गप्प बसलं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, यंदाच्या अंकासाठी मी एक जपानी शब्द घेऊन आलो आहे. दत्तजयंतीच्या अंकात जपानी शब्दाचं काय काम, असं कोणाच्याही मनात येईल. पण दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही, हे आपण अनसूयामातेकडूनच शिकलो. हा शब्दही असाच दारी आला, आणि गेलं वर्षभर माझ्या घरातून हललेला नाही.

झालं असं. गेल्या वर्षी सप्ताहाच्या समाप्तीला माझी नात पुण्याहून आष्टीला आली होती. ती तिकडं नोकरी करते आणि कामासाठी जपानी भाषा शिकते. जन्मकाळ झाला, सुंठवडा वाटून झाला आणि आम्ही ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "आबा, तुम्ही एवढी वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मला सांगा, 'शिक्कुरी'ला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हणालो, "आधी शिक्कुरी म्हणजे काय ते तर सांग."

तिनं समजावलं. आपल्याकडे खळखळ, कडकड, भो भो असे आवाजाची नक्कल करणारे शब्द आहेत, तसे जपानीतही आहेत. आपला कुत्रा भो भो करतो, त्यांचा वान वान करतो. पण ज्याला आवाजच नाही, अशा गोष्टींसाठीही त्यांच्याकडे असे शब्द भरपूर. चमकण्याला 'पिकापिका', हसऱ्या चेहऱ्याला 'निकोनिको'. आणि गंमत म्हणजे, काहीच ऐकू येत नाही त्या शांततेलाही त्यांनी शब्द काढला, 'शीन'. त्यातलाच हा 'शिक्कुरी'. एखादी गोष्ट ओढाताण न करता जिथली तिथं बसली, आणि बसली असं मनाला आतून जाणवलं, की शिक्कुरी. नवा चष्मा नाकावर बसावा तसं. नवरा-बायकोचं जमलेलं असावं तसं. खूप शोधल्यावर नेमका शब्द सापडावा तसं.

मी म्हणालो, "चपखल."

"ते झाकणाचं झालं आबा. डब्याला झाकण चपखल बसतं. पण आत मनाला जे वाटतं ते?"

"जीव भांड्यात पडला?"

"त्याच्या आधी भीती असावी लागते."

"सूत जुळलं?"

"त्याला दोन माणसं लागतात."

आतून आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढा काय काथ्याकूट करताय? 'आता कसं नीट बसलं' म्हणायचं." नातीला ते पटलं. मलाही.

आमच्या लहानपणी गावात बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचे. ते बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. धाव चाकापेक्षा किंचित लहानच केलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची, वरून ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धूर, वाफ, जळक्या लाकडाचा वास. धाव आवळत जाते तसं सगळं चाक कुरकुरतं, एकेक सांधा आत ओढला जातो. सगळं निवल्यावर सुतार चाकावर ठोकून बघायचा. सैल चाकाचा आवाज खडखड. बसलेल्या चाकाचा आवाज एकच, भरीव. त्या आवाजावर मान हलवून तो म्हणायचा, "बसलं." मला वाटतं, हीच ती शिक्कुरी.

बोलणं तिथंच संपलं असतं. पण नात म्हणाली, "आबा, हा शब्द ऐकायला मिळतो तो बऱ्याचदा नकारातच. 'शिक्कुरी कोनाइ.' म्हणजे काही चुकलंय असं दाखवता येत नाही, पण मनाला बसतही नाही."

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मराठीत असे शब्द किती, ते मोजायला लागलो. रुखरुख. चुटपुट. हुरहूर. तगमग. तळमळ. घालमेल. कालवाकालव. धाकधूक. खटकणं हा शब्दही 'खट' आवाजातूनच आलेला. मन जागेवर नाही, हे सांगायला आपल्याकडे शब्दांची रास. आणि मन जागेवर आहे, हे सांगायला? त्या जातीचा एकही चटकन आठवेना. 'समाधान' आहे, पण तो संस्कृतातला. सम्, आ आणि धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं. अर्थ शिक्कुरीच्या अगदी जवळचा, पण त्यात आवाज नाही. मग वाटलं, बरोबरच आहे. चाक नीट बसलं तर खडखडेल कशाला? मन बसलं की मुकं होतं. रुखरुख बोलते.

इथवर सगळं गोड होतं. पण शाळेत एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगायचो: आवाज येत नाही याची कारणं दोन असू शकतात. वर्ग अभ्यास करत असेल, नाहीतर वर्गाला कोणी दटावून गप्प बसवलं असेल. दाराबाहेरून दोन्ही सारखंच वाटतं.

माझ्या मनाचं त्या रात्री तसंच झालं. ते जे गप्प होतं, ते नीट बसलेलं होतं की गप्प बसवलेलं?

ही गोष्ट मी या अंकात लिहू की नको, याचा पुष्कळ विचार केला. पण वाचणारे बहुतेक माझ्याच वयाचे, घरदार शेतीवाडी असलेले. त्यांच्यापासून काय लपवायचं?

आमचे वडील १९८९ साली गेले. आई त्यांच्या आधीच गेलेली. वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली सहा एकर जमीन होती. आम्ही दोघं भाऊ आणि एक धाकटी बहीण, परभणी जिल्ह्यात दिलेली. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा १९५६ सालीच झालेला. म्हणजे हिशेब सरळ होता, प्रत्येकी दोन एकर. पण गावची रीत वेगळी. बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावांनी तिला लुगडं-चोळी करायची, आणि चार लोकांनी म्हणायचं, "पोरीनं माहेर राखलं." आम्ही तसंच केलं. परतूरला गेलो. कागद तयार होता. बहिणीनं पेन हातात घेतला आणि मला विचारलं, "दादा, कुठं करू?" मी कागदावर बोट ठेवलं. तिनं तिथं सही केली.

कोणी जबरदस्ती केली नाही. आवाज चढला नाही. कायद्यानंही त्यात खोट नाही, आपखुशीनं हक्क सोडता येतो. घरी आलो, पुरणपोळी झाली. मला अगदी आठवतं, त्या दिवशी मनाला सगळं नीट बसल्यासारखं वाटलं होतं. भावाला तीन एकर, मला तीन एकर. शिक्कुरी.

फक्त ते दोन शब्द. "कुठं करू?" तिनं "करू का?" असं विचारलं नव्हतं. आणि मीही "करतेस का?" असं विचारलं नव्हतं.

पुढं कायदा आणखी बदलला. २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मानं हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असं काही नाही. पेपरात ती बातमी वाचली आणि पान उलटलं. आपल्याला ते लागू नाही, आपला कागद झालेला आहे, असं मनाला सांगितलं. पण ज्याचा कागद झालेला आहे, त्याला पान एवढ्या घाईनं का उलटावं लागतं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मनाला बरं वाटलं, हे बरोबर असल्याचं प्रमाण आहे का?

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाला बगल दिलेली नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत धर्माची मुळं सांगताना श्रुती, स्मृती आणि सज्जनांचं आचरण यांच्या पाठोपाठ 'आपल्या मनाला जे प्रिय वाटतं ते' असंही सांगितलं आहे. म्हणजे मनाच्या कौलाला त्यांनी मान दिला. पण याच स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी जी टीका लिहिली, ती मिताक्षरा. विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणचे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचे. तसे आपले शेजारीच. वाटणीच्या खटल्यांत मिताक्षरेचं नाव आजही निघतं. त्यांनी इथं एक पाचर मारून ठेवली आहे. मनाला प्रिय ते प्रमाण, पण कुठं? जिथं शास्त्रानं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत तिथं. उदाहरण त्यांनी मुंजीचं दिलं आहे. आठवं वर्ष गर्भापासून मोजा की जन्मापासून, दोन्ही चालतं. तिथं मनाला वाटेल ते करा.

हे वाचलं तेव्हा मी पोथी मिटून बसून राहिलो. मुंज कोणत्या वर्षी करायची, यात कोणाचं काही जात नाही. तिथं मनाला विचारावं. पण ज्यात दुसऱ्याचा वाटा आहे, तिथं आपल्या मनाला बरं वाटलं या साक्षीला काय किंमत? साक्षीदार आपल्याच घरचा!

आणि मनही नेहमी एकच बोलत नाही. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत राजा पहिल्या अंकात शकुंतलेला पाहतो आणि मनाशी ठरवतो, की संशयाच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा ओढा हेच प्रमाण. तिथं त्याचं खरं ठरतं. पण पुढं दुर्वासांच्या शापानं तो तिला विसरतो. दुर्वास म्हणजे आपल्या दत्तमहाराजांचे बंधूच. ती समोर उभी असताना तो तिला नाकारतो. त्याच्या मते तो अगदी न्यायानं वागत असतो. परस्त्रीला आपली कशी म्हणू, असा त्याचा विचार. डोकं सांगतं, बरोबर केलंस. पण ती गेल्यावर तोच राजा कबूल करतो, की आठवत काही नाही, मात्र काळीज असं दुखतंय की तिचंच खरं असावं. पाहा, त्याची आठवण खोटी, तर्क चुकलेला, आणि रुखरुख तेवढी खरी.

आपली माणसं म्हणतात, मन देव आहे. समर्थांचं जांब आमच्याच जिल्ह्यात. त्यांनी आयुष्यभर मनाशी बोलायला शिकवलं, पण मनाची हांजी हांजी करायला नाही शिकवलं. मन हे समजावण्याचं पोर आहे. फक्त ते रडतंय का, एवढं ऐकावं. पोर रडतं तेव्हा उगीच रडत नाही.

मी काय केलं? मी कानांत बोळे घातले. दर भाऊबीजेला ओवाळणी वाढवली. भाच्याच्या शिक्षणाला हातभार लावला. ते चांगलंच होतं, पण त्यामागचा हेतू मला माहीत होता. अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात एक कुमारिका आहे. घरी कोणी नसताना तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्यासाठी ती साळी कांडायला बसली आणि हातातली काकणं वाजायला लागली. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल म्हणून ती लाजली. तिनं काकणं उतरवायला सुरुवात केली. दोन राहिली तरी वाजतच होती. एकच ठेवलं तेव्हा आवाज थांबला. एकांताचं महत्त्व सांगायला ही कथा सांगतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. तिनं आवाज दाबला नाही, वाजणारं काकण काढलं. मी सगळी काकणं हातात ठेवून वर फडकं गुंडाळलं होतं.

गेल्या दत्तजयंतीनंतर चार दिवसांनी मी बहिणीकडे गेलो. ती आता एकटी असते, मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी बोलायची तयारी करून गेलो होतो, पण शब्द फुटेनात. शेवटी एवढंच म्हणालो, "परतूरच्या त्या कागदाचं माझ्या मनाला बसत नाही. तुला मी विचारलं नव्हतं."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "दादा, तवा माझ्या वाट्याला किती येत होतं?"

"दोन एकर."

"दोन एकर," ती म्हणाली. बस, एवढंच. तिला कोणी आकडासुद्धा सांगितला नव्हता.

मनातून मला वाटत होतं, ती म्हणेल, "जाऊ दे दादा, मला काय करायचंय जमिनीला." म्हणजे तिथंही मला तिच्याकडून माझंच मन नीट बसवून घ्यायचं होतं! ती तसं काही बोलली नाही. निघताना म्हणाली, "जेवून जा." मी जेवलो.

माझ्या तीन एकरांतला एक एकर मी तिला द्यायचा ठरवलं. भावाच्या वाट्याचं मी बोलू शकत नाही, तो त्याच्या मनाचा मालक. घरी सांगितलं तेव्हा मुलगा तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचंही चुकत नाही. वीस वर्षं त्यानं घाम गाळला, पाइपलाइन त्यानं टाकली. चौथ्या दिवशी म्हणाला, "पण विहिरीकडचा नको, वरचा देऊ." मी म्हणालो, "कुठला घ्यायचा ते तिला विचारू." भावाचं येणं-जाणं कमी झालं आहे. मोजणीचा अर्ज दिला आहे, बक्षीसपत्र अजून व्हायचं आहे. बहिणीनं अजून कुठलाच तुकडा सांगितलेला नाही. "बघून सांगते," म्हणाली आहे. मला तेच बरं वाटतं. यंदा ती बघून सांगणार आहे.

म्हणजे खरं सांगायचं तर, जे चुकीचं होतं ते पस्तीस वर्षं घरात गुण्यागोविंदानं बसलं होतं. आणि जे बरोबर आहे ते आणल्यावर घराला कुरकुर लागली. आधी मी घाबरलो. मग ते चाक आठवलं. धाव लहान असते, तापवावी लागते, धूर होतो, सांधे कुरकुरतात. नुसतं अडकवलेलं कडं कुरकुरत नाही, चार कोस गेल्यावर ते निसटतं.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलीची कथा आपण दर पारायणात वाचतो. अमरापुरातलं ते गरीब कुटुंब. कोरान्न मिळालं नाही त्या दिवशी दारच्या वेलीच्या शेंगांवर भागायचं. श्रीगुरूंनी त्या शेंगांची भिक्षा घेतली आणि जाताना वेलच तोडून टाकली. बायको-मुलं रडायला लागली. त्यांचं सगळं त्या वेलीवर बेतलेलं होतं ना! पण गृहस्थानं गुरूंना दोष दिला नाही. तो राहिलेलं मूळ काढायला गेला, तर खाली द्रव्याचा कुंभ. इतकी वर्षं मी ही कथा गुरुकृपेची म्हणून वाचली. ती आहेच. पण यंदा असंही दिसलं, की ज्या वेलीवर आपण सुखानं बेतून बसलेलो असतो, तिच्या मुळाखाली काय आहे हे आपण खणून बघितलेलं नसतं. मात्र म्हणून दुसऱ्याच्या दारची वेल तोडायला कोणी निघू नये. तो अधिकार श्रीगुरूंचा. आपण आपली खणावी.

नातीला परवा फोनवर विचारलं, "त्या जपानी लोकांकडे रुखरुखीला काही शब्द आहे का?" ती म्हणाली, "मोयामोया. धुकं दाटल्यासारखं मन." मला बरं वाटलं. म्हणजे माणूस इथून तिथून सारखाच.

चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत म्हणतात, हा देहही माझा गुरू आहे. त्याच देहात, डाव्या बरगडीखाली कुठंतरी, ही रुखरुख राहते. तिला हाकलू नका एवढंच सांगायचं आहे. यंदाच्या सप्ताहात पारायणाला बसाल, चित्त शांत होईल, सगळं कसं नीट बसल्यासारखं वाटेल. त्या शांततेत एक प्रश्न स्वतःला विचारून बघा: या माझ्या समाधानात, ज्याला मी विचारलंच नाही असं कोणी आहे का? कोणी आठवलं नाही, तर महाराजांची कृपा. आठवलं, तर पारायण संपल्यावर त्याच्या घरी जाऊन या. तो काय म्हणेल याची तयारी करून जाऊ नका. तो जेवून जा म्हणाला, तर जेवून या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥